अर्धे नेसलेले लुगडे

दिवाळीच्या दिवसांत घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. भाऊबिजेची ओवाळणी चाललेली असते, कुणीतरी कॅमेरा पुढे करतो, आणि फराळाची ताटे घेऊन येणारी काकू किंवा निरांजनाची वात सारखी करणारी आजी लगबगीने म्हणते, "थांब रे, पदर तरी नीट घेऊ दे!" फोटो काढणारा थांबतो. पदर नीट होतो, कपाळावर आलेली बट मागे सरते, आणि मग ती माउली कॅमेऱ्याकडे अशा मुद्रेने पाहते की जणू म्हणते आहे, 'ही आता मी; हिला घे.'

या क्षणभराच्या थांबण्यात नीतीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. तो माझ्या ध्यानात यायला माझ्या हातून एक अपराध घडावा लागला. कायद्याने त्याला अपराध म्हणता येणार नाही. उलट तो घडला तेव्हा चार जाणत्या माणसांनी माझे कौतुकच केले होते. परंतु ज्या अपराधांचे कौतुक होते, त्यांचाच बोभाटा आपण स्वतःहून करायला हवा. दुसरे कुणी तो करीत नाही.

माझा हा अपराध झाडीपट्टीत घडला. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरचा भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. त्यातला गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. पण जंगलाला आणि बोलीला ही वाटणी अजून कळलेली नाही. आपल्याकडे आकाशकंदील उतरवायची वेळ येते, तेव्हा या मुलखात खरा उत्सव सुरू होतो. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, सोयरे बैलगाडीने आणि आता मोटारसायकलीने येऊन उतरतात, जिलेबीच्या कढया चढतात, आणि दिवसभर दंडार नाहीतर खडीगंमत रंगते. रात्री नाटक. ही नाटके बसवणाऱ्या मंडळ्यांचे मुख्य ठाणे म्हणजे देसाईगंज ऊर्फ वडसा. दिवाळीनंतर तेथून मंडळ्या गावोगाव निघतात आणि थंडीच्या रात्री हजारो माणसे घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहतात. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीची थोडी ओळख झाली. झाडीपट्टीला मात्र आपली ओळख आधीपासूनच होती.

आता या नाटकांतून स्त्रिया कामे करतात. पूर्वी येथेही पुरुषच लुगडे नेसून उभे राहत. खडीगंमतीत आणि दंडारीत ती रीत अजून पुरती मोडलेली नाही. शाहीर डफावर थाप देतो, तुणतुणे वाजू लागते, गण होतो, आणि मग गवळण येते. ही गवळण म्हणजे दिवसा बांधीत धान कापणारा कुणी गडी असतो. गंगावन माळलेले, हातांत बांगड्या, पायांत चाळ. त्याला नाच्या म्हणतात. त्याच्या थट्टेला बायाबापड्या हसतात, म्हाताऱ्या त्याच्यावरून बोटे मोडतात, आणि पोरे त्याच्या मागे मागे धावतात. यात कुणाला काही गैर वाटत नाही.

वाटावे तरी का? ज्या संस्कृतीत विष्णूला मोहिनी व्हावे लागले, अर्जुनाने बृहन्नडा होऊन एक वर्ष विराटाच्या कन्येला नृत्य शिकवले, शंकराने अर्धे अंग पार्वतीला देऊन टाकले, आणि पंढरपूरच्या कटीवर हात ठेवलेल्या देवाला लोक माउली म्हणू लागले, त्या संस्कृतीत पुरुषाने बाई होण्याचे नवल नाही. आपल्या संतांनी गवळणी आणि विराण्या रचल्या त्या स्त्रीच्या तोंडी. त्या रचताना मिशा असलेला माणूस मनोमन पदर घेतच असला पाहिजे. आणि बालगंधर्वांचे काय? नारायण श्रीपाद राजहंस या पुरुषाचे नेसणे, चालणे, लाजणे पाहून चांगल्या घरच्या स्त्रिया आपले नेसणे सुधारीत. १९६७ साली ते गेले. पण भामिनीच्या आणि सिंधूच्या वेषातले त्यांचे फोटो आजही मराठी घरांतून सन्मानाने दिसतात. त्या फोटोंकडे जरा निरखून पाहा. प्रत्येक फोटोत पदर जिथल्या तिथे आहे. नथ नीट आहे. मान तिरपी आहे ती ठरवून. बालगंधर्वांनी आपल्यातली बाई पूर्ण तयार होऊ दिली आणि मगच तिला कॅमेऱ्यासमोर आणले. हे मला फार उशिरा दिसले.

२०१५ सालची दिवाळी होऊन गेली होती. मी कॅमेरा घेऊन एका मंडईला गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. ते का, ते पुढे कळेल. शाळेच्या पडवीत खडीगंमतीची मंडळी रंगत होती. खिळ्याला टांगलेला एक आरसा, त्यावर एकच दिवा. आरशापुढे सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ बसले होते. सारे त्यांना आबाजी म्हणत. चाळीसएक वर्षे गवळण केलेला हा माणूस. एका डोळ्यात काजळ घालून झाले होते, दुसरा डोळा कोरा होता. लुगडे कमरेला गुंडाळलेले, पदर अजून जमिनीवर. वर उघडी, पांढऱ्या केसांची छाती. आणि त्याच आरशाच्या कोपऱ्यात, आबाजींच्या खांद्यामागे, एक विशीतला पोरगा उभा होता. त्याचे नेसून झाले होते. तो आरशात स्वतःकडे पाहत होता. त्या पाहण्यात जे सुख होते ते मी कधी कुठल्या नटाच्या चेहऱ्यावर पाहिले नव्हते. बऱ्याच दिवसांनी आपल्या घरी आलेला माणूस ओसरीवर टेकून जसा सुस्कारा सोडतो, तसे काहीतरी त्या चेहऱ्यावर होते.

मी विचारले, "आबाजी, काढू का फोटो?" ते म्हणाले, "काढा ना जी." पोराने आरशातूनच माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. मी कळ दाबली. फोटो उत्तम आला.

तो फोटो काही महिन्यांनी एका शहरी नियतकालिकात छापून आला. सोबत मी मजकूर लिहिला होता. आदल्याच वर्षी, म्हणजे २०१४ च्या एप्रिलमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना आपले लिंग कोणते ते स्वतः ठरवण्याचा अधिकार आहे असा निकाल दिला होता. सुशिक्षितांत या विषयाची चर्चा होती. मलाही वाटले, आपण या चर्चेत अरण्यातला एक दिवा नेऊन ठेवावा. मी फोटोखाली एक वाक्य लिहिले. त्याचा आशय असा की, यांच्यापैकी एकाच्या बाबतीत हे केवळ सोंग नसावे. त्याच्या डोळ्यांत पाहा. ते वाक्य लिहिताना माझ्या मनात कणव होती, आदर होता. आपण त्या पोराची बाजू घेतो आहोत असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. मित्रांनी वाक्याची वाखाणणी केली. माझी दृष्टी किती सूक्ष्म आहे असे कुणी म्हणाले, आणि मला ते खरे वाटले.

पुढल्या दिवाळीनंतर मी त्याच गावी गेलो. नियतकालिकाचा अंक पिशवीत होता. पण माझ्याआधीच ते पान तेथे पोचले होते. शहरात नोकरीला असलेल्या गावच्याच कुणीतरी पानाचे छायाचित्र मोबाइलवर धाडले होते, आणि ते या हातातून त्या हातात फिरत गावभर झाले होते. आबाजी खळ्यावर धानाच्या पुंजण्याला टेकून बसले होते. मला पाहून उठले नाहीत. मी अंक पुढे केला. त्यांनी तो न घेताच म्हटले, "पाह्यला जी आमी."

मी चाचरत म्हणालो, "लोक काही बोलले का तुम्हांला?"

"मले काय बोलतेत? हिजडा म्हनत असन कोनी. म्हनू द्या. थोबी मानूसच हाये. पन भाऊ, एक सांगा. बाईचं लुगडं अर्धं नेसून हाये, एका डोळ्यात काजळ हाये, पदर भुईवर हाये, अन् तुमी फोटो काढता? तुमच्या घरच्या बाईचा असा काढाल का जी?"

मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. त्यांची तक्रार काय असेल याचा मी वाटेत बराच विचार केला होता, आणि नाना तऱ्हेची समर्थने जुळवून ठेवली होती. त्यांपैकी एकही येथे उपयोगाचे नव्हते. हा माणूस स्वतःच्या पुरुषपणाची अब्रू राखायला भांडत नव्हता. चाळीस वर्षे जिला त्याने अंगावर वागवले होते त्या गवळणीची अब्रू राखायला तो भांडत होता. माझ्या दृष्टीने ती अर्धवट रंगलेली अवस्था म्हणजे सत्य होते, कलेचा गाभा होता, मुखवटा आणि चेहरा यांच्या सीमेवरचा दुर्मीळ क्षण होता. त्यांच्या दृष्टीने ती नेसत असताना दार ढकलून आत आलेल्या परक्या माणसाची आगळीक होती.

मी म्हणालो, "पण मी विचारले होते, आबाजी."

"विचारलं होतं खरं. मले वाटलं, इथंच पाहाल."

या दोन शब्दांवर मी तेव्हापासून विचार करतो आहे. 'इथंच पाहाल.' फोटोला दिलेली परवानगी ही कशाची परवानगी असते? गावाने त्या माणसाला एक रात्र दिलेली असते, एक मांडव दिलेला असतो, डफाची थाप दिलेली असते. त्या मांडवाखाली बसलेला प्रत्येक जण त्याला ओळखतो: त्याची बांधी कुठे, त्याच्या लेकी कुठे दिल्या, मागल्या पुरात त्याचे घर कसे पडले. या ओळखीचे एक पांघरूण त्याच्या अंगावर असते. लुगडे त्याच्या वरचे. कॅमेरा लुगड्यासकट माणूस उचलतो आणि हे पांघरूण तेथेच टाकून येतो. मग ते चित्र अशा ठिकाणी जाते की जेथे त्याला कुणीच ओळखत नाही. फोटो छापणे म्हणजे माणसाला एकट्याने परगावी पाठवणे आहे. आपल्या घरचे पोर एकटे परगावी जायला निघाले, तर आपण दहा गोष्टी विचारतो. कुणाकडे उतरणार? तेथे ओळखीचे कोण आहे? कुणी वेडेवाकडे बोलले तर काय करशील? परक्याचा चेहरा रवाना करताना मात्र यांतला एकही प्रश्न आपल्याला सुचत नाही.

आबाजी पुढे हळू आवाजात म्हणाले, "माहं जाऊ द्या. त्या पोराचं वाईट झालं."

गावाने त्या पोराला हाकलले नव्हते, मारले नव्हते. त्याच्याकडे पाहण्याची रीत तेवढी बदलली होती. आजवर तो मंडईत गवळण होई, दुसऱ्या दिवशी सदरा घालून कामाला जाई, आणि हे दोन दिवस एकमेकांच्या वाटेला जात नसत. आता लोक त्याला भर दुपारी विचारू लागले: दिवसाही तू तसाच का? घरात भावाच्या लग्नाचे बोलणे चालले होते, तेथे हा विषय निघाला. त्या वर्षी त्याने गवळण केली नाही. मग तो कामाला म्हणून कुठे बाहेर निघून गेला.

"आमाले सारं मालूम होतं भाऊ," आबाजी म्हणाले. "लहानपनापासून मालूम होतं. कोनी बोलत नवतं. तुमचा कागद बोलला."

येथे माझ्यातला वकील उठून उभा राहिला, आणि त्याचे म्हणणे टाकाऊ नव्हते. गावाचे ते मौन हा काय मोठा न्याय होता? वर्षातून एका रात्री, चार घटका, लोकांच्या हसण्याच्या मोबदल्यात एखाद्या जिवाला स्वतःसारखे होता येते, आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्याने दुसऱ्या कुणाचा तरी वेष वागवायचा. याला काय सहिष्णुता म्हणायचे? मौन मोडल्यावाचून काही बदलत नाही. हे सारे खरे आहे. परंतु मौन मोडण्याचा अधिकार कुणाचा? ज्याच्याविषयी ते आहे त्याचा. बंद घराचे दार आतून उघडले तर घरधनी बाहेर येतो. बाहेरून फोडले तर त्याला दरोडा म्हणतात. फोडणारा दिवा घेऊन आला होता, एवढ्याने दरोड्याची सहल होत नाही.

या बाबतीत कॅमेऱ्याचा पूर्वेतिहासही काही फार उजळ नाही. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड काढले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींची माणसे त्यांत नमुन्यादाखल मांडली आहेत. त्याच सुमारास, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याचा एक भाग हिजड्यांसाठी होता. त्यांची नोंदवही ठेवायची, आणि नोंद झालेला माणूस उघड्यावर बायकी वेष करून, दागिने घालून दिसला किंवा नाचला तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. हा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानातल्या प्रांतांना लागू झाला. गावात जो नुसता एक माणूस होता, तो वहीत आल्याबरोबर प्रकार झाला. आमच्या भागातही भामरागडच्या जंगलात शहरी माणूस गेला की त्याचा कॅमेरा प्रथम माडिया बायांच्या उघड्या अंगाकडे वळतो. त्यांना कुणी म्हणत नाही, 'थांबा, पदर घ्या.' पदर नाहीच, तर कसली लाज, असा हिशेब असतो. लाज नेसण्यात नसते, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते, हे त्या हिशेबात येत नाही.

शिवाय कॅमेऱ्याला एक गोष्ट मुळीच कळत नाही. लुगडे नेसलेला पुरुष तीन कारणांनी तसा असू शकतो. एकाचा तो धंदा किंवा कला असते. दुसऱ्याचा तो स्वभाव असतो. तो मुळी पुरुष नसतोच, लोक त्याला पुरुष समजत आलेले असतात. तिसऱ्याचा तो नुसता आनंद असतो. चित्रात तिघे सारखेच दिसतात. मराठी चित्रपटांत नाच्याच्या भूमिकेने गाजलेले गणपत पाटील हे संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ होते. लोकांनी त्यांची भूमिका हाच त्यांचा स्वभाव मानला, आणि त्याचा जाच त्यांना जन्मभर सोसावा लागला. २००८ साली ते वारले. त्यानंतर दोन वर्षांनी आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीवरचा चित्रपट आला आणि नाच्याच्या दुःखाने महाराष्ट्र हळहळला. माझ्या पोराच्या बाबतीत उलट झाले. लोक त्याच्या स्वभावालाच भूमिका मानीत होते, आणि त्या चुकीच्या आडोशाला तो सुखरूप होता. माझ्या वाक्याने लोकांची चूक दुरुस्त केली. पाटलांना लोकांच्या गैरसमजाने छळले. या पोराला माझ्या समजूतदारपणाने. दोन्हीकडे बोलणारा दुसराच होता.

मग असे फोटो काढूच नयेत काय? काही दिवस मी तसाच निश्चय करून बसलो होतो. तोही एक अहंकारच होता, हे नागपूरला कळले. तेथे २०१६ साली पहिल्यांदा या मंडळींची अभिमानयात्रा निघाली. नंतरच्या एका वर्षीची यात्रा मी पाहायला गेलो. कॅमेरा पिशवीतच ठेवला होता. ढोल वाजत होते, रंगीत पताका होत्या, आणि चालणाऱ्यांत काहींनी चेहऱ्यावर मुखवटे चढवले होते. त्यांतून जरीची साडी नेसलेली एक व्यक्ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, पिशवीत कॅमेरा आहे ना? मग काढा की माझा. तोंड दिसू द्या चांगलं." मी कॅमेरा काढला. तिने नथ सारखी केली, खांद्यावर पदराची घडी नीट बसवली, हनुवटी उचलली. शेजारचा मुखवटा हसत बाजूला सरकला आणि चौकटीबाहेर गेला. दोघे एकाच यात्रेत, एकाच ढोलावर नाचत होते. एकाला जगाने पाहावे असे वाटत होते, दुसऱ्याला फक्त चालायचे होते. दोघांचाही मान ठेवायला मला कुठले तत्त्वज्ञान लागले नाही. ते काय सांगतात ते ऐकले, एवढेच पुरले.

ज्यांनी हे काम जन्मभर केले त्यांच्या गोष्टी मी मग शोधून वाचल्या. न्यूयॉर्कच्या डायान आर्बसबाईंनी १९६६ साली केसांना कुरळे करणाऱ्या गुंडाळ्या लावून बसलेल्या एका तरुणाचा फोटो काढला. तो जगभर गाजला. तीही अर्धवट तयारीच. तो पाहताना मला आबाजींचे वाक्य आठवले. पण मला धीर दिला तो आपल्या दिल्लीतल्या एका गोष्टीने. १९८९ साली दयानिता सिंग एका इंग्रजी वृत्तपत्रासाठी हिजड्यांचे फोटो काढायला गेल्या होत्या. मोना अहमद यांनी खुशीने फोटो काढू दिले. मग त्यांना कळले की हे लंडनला छापले जाणार. लंडनला त्यांचे नातलग होते. त्यांनी फिल्म परत मागितली. दयानिताबाईंनी कॅमेऱ्यातली फिल्म काढून त्यांच्या हातावर ठेवली. काम बुडाले, पण त्या दिवशी एक मैत्री जुळली. ती २०१७ साली मोना गेल्या तोपर्यंत टिकली. २००१ साली दयानिताबाईंचे 'मायसेल्फ मोना अहमद' हे पुस्तक निघाले, त्यात फोटो दयानिताबाईंचे आणि शब्द मोनांचे स्वतःचे. आधी फोटो परत देता आला, म्हणून पुढे तो घेता आला. मोनांच्या चेहऱ्याखाली काय लिहायचे ते मोनांनीच लिहिले. आबाजींच्या कागदाला हे कुणी शिकवले असते तर!

आणि हा प्रश्न काही मंडईतल्या नाच्यापुरता नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. दवाखान्यात नळ्या लावून पडलेल्या आजोबांचा फोटो आपण सगळ्या नातेवाइकांत फिरवतो. रडणाऱ्या नातवाचा, हळदीत साडी नेसून नाचलेल्या मेव्हण्याचा, झोपेत तोंड उघडे पडलेल्या मावशीचा. त्या त्या घरात, त्या त्या वेळी ते सारे प्रेमाचे असते. घराबाहेर पडल्यावर त्या प्रेमाची चिठ्ठी सोबत जात नाही. 'पदर तरी नीट घेऊ दे' म्हणायची संधी त्यांतल्या कुणाला आपण दिलेली असते? मला वाटते, कुणाचाही फोटो पुढे धाडण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. त्या माणसाची आपल्या मनासारखी तयारी झाली होती का? आणि जेथे तो जाणार, तेथे त्याच्यासोबत उभे राहायला आपण तयार आहोत का? दोन्हींची उत्तरे येत नसतील तर फोटो पेटीत राहू द्यावा. पेटीत राहिल्याने फोटो मरत नाही. वाट पाहतो.

मी आबाजींना विचारले, "आता काय करू?" ते म्हणाले, "पुरा फोटो काढून द्या." मी तेथेच थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात खाट टाकली, आरसा तिच्यावर टेकवला आणि तयारीला बसले. दीड तास लागला. त्यांच्या कारभारणीने स्वतः निऱ्या बसवून दिल्या. त्या निऱ्या बसवताना ती म्हातारी मधूनमधून हसत होती, आणि मध्येच त्यांच्या पाठीत हलकी चापटी मारून म्हणत होती, "सरळ उभे राहा ना!" दोन्ही डोळ्यांत काजळ झाले. पदर डोक्यावरून आला. मग आबाजी खाटेजवळ उभे राहिले, हात कमरेवर ठेवला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "हं. आता."

तो फोटो मोठा करून मी त्यांना नेऊन दिला. त्यांच्या घरात देवांच्या शेजारी, त्यांच्या आईवडिलांच्या तसबिरीखाली तो लागला आहे. जुन्या फोटोची माझ्याजवळची प्रतही मी त्यांना देऊन टाकली आणि म्हणालो, "हा फाडून टाका." त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग घरातून कात्री आणली आणि आरशाचा तो कोपरा, पोराच्या चेहऱ्यासकट, जपून कापून काढला. उरलेला, स्वतःचा भाग त्यांनी चुलीत घातला. कापलेला तुकडा मात्र घुंगरांच्या आणि गंगावनाच्या पेटीत, बांगड्यांच्या खाली ठेवला.

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. ते पेटी लावत म्हणाले, "हा त्याचा हाये. तो आला मंजे त्याले देईन. त्याले फाडायचा तर तो फाडन."

तो पोरगा अजून आलेला नाही. दर वर्षी भाऊबीज झाली की मी आबाजींना फोन करून मंडईचा दिवस विचारतो. ते दिवस सांगतात, आणि मग मी न विचारताच म्हणतात, "पेटी हाये भाऊ."